कोळशातून गाळलेलं पाणी

१२ नोव्हेंबर

आज भट्टी स्वतःच्या जोरावर पेटती राहिली.

कामाच्या वहीत मी फक्त तापमान लिहिलं. बाकीचं कुठेतरी लिहायला हवं म्हणून ही दुसरी वही काढली. आनेस्तिसनं गॅस सिलिंडरची चावी बंद केली आणि आम्ही दोघं पिंपाखाली वाकून बघत राहिलो. ज्वाळा लहान झाली, थरथरली, आणि मग निळी होऊन नीट जळायला लागली. बंद पिंपात तापणाऱ्या कोळशातून निघणारा वायू आम्ही नळीनं परत त्याच पिंपाखाली आणलाय. म्हणजे कोळसा आता स्वतःच स्वतःला भाजतोय. बाहेरचं इंधन नको.

आनेस्तिसनं छातीवर क्रूसाची खूण केली. "मेरोपीताई, एवढी वर्षं वीजकेंद्रात लोखंडाचं जोडकाम केलं, पण स्वतःचा स्वयंपाक स्वतः करणारा कोळसा पहिल्यांदाच बघतोय."

आमच्या खाणीतला कोळसा म्हणजे कोळशाच्या नावाला काळिमा. तपकिरी, ओला, नखानं ओरखडा उठतो, काही तुकड्यांत तर अजून लाकडाच्या रेषा दिसतात. निम्म्याहून जास्त पाणीच. वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत मी अख्खं आयुष्य तो किती वाईट आहे हे लिहिण्यात घालवलं. मग प्रयोगशाळा बंद झाली, मला घरी पाठवलं, खाणीचीही घरघर सुरू आहे. आता सासऱ्यांच्या जुन्या मेंढवाड्यात भट्टी मांडून मी त्याच कोळशाकडून काहीतरी चांगलं करवून घ्यायला निघालेय.

चांगलं म्हणजे पाणी. आमच्या पेत्रोनेरी गावच्या विहिरींत क्रोमियम निघाल्यापासून चौकात पाटी आहे: पिऊ नका. टँकर येतो तेव्हा म्हाताऱ्या बायका डबे घेऊन रांगेत उभ्या राहतात. नीट भाजलेल्या कोळशाच्या अंगात बारीक बारीक पोकळ्या होतात आणि त्या हे विष धरून ठेवतात. कागदावर तरी ठेवतात.

इओर्दानिसला रात्रीच्या जेवणाला सांगितलं. "छान," म्हणाला, आणि पाव मागितला. नवऱ्याकडून यापेक्षा जास्त मी कधी अपेक्षिलं नाही.

२१ नोव्हेंबर

तांबड्या कोळशावर वाफ सोडायची असते, तेव्हा पोकळ्या उघडतात. आज सोडली आणि डांबर नळीत साचून झाकण उडालं. आनेस्तिसच्या भुवया जळाल्या. तो हसत होता, मी नाही. वाटतं, हे सगळं एका नोकरी गेलेल्या बाईचं खूळ आहे. तिला सकाळी उठून कुठेतरी जायला हवं, एवढंच.

४ डिसेंबर

संत बार्बाराचा दिवस, खाणकामगारांचा सण. पूर्वी खाणीवर बँड असायचा. आज पाद्री, सहा म्हातारे आणि उकडलेल्या गव्हाची गोड खीर.

पण आमच्यामुळे गावात थोडी मजा आली. भट्टीतून जी बारीक पूड उरते ती आम्ही डांबरात मळून, दाबून, पुन्हा भाजून वड्या पाडल्या. धूर नाही, वास नाही, शेगडीत संध्याकाळपर्यंत धग राहते. आनेस्तिसनं गाडीभर वड्या चौकात नेल्या आणि बघता बघता संपल्या.

गावचा प्रमुख प्रोद्रोमोस दोन पोती खांद्यावर टाकून म्हणाला, "मेरोपीवहिनी, चौकात तुमचा पुतळा उभारतो बघा."

"आधी पाणी पिण्याजोगं होऊ दे," मी म्हणाले.

"पाण्याचं काय घेऊन बसलात! टँकर येतोय की. तुम्ही आम्हाला ऊब द्या."

सिमेला सासूबाईंनी एक वडी हातात घेऊन नाकाशी नेली. "पोरी, ह्याच्यानं पाणी पण गोड होईल?" मी म्हटलं, ह्याच्याच मोठ्या भावानं होईल. त्या म्हणाल्या, मग लवकर कर. टँकरच्या पाण्याची कॉफी त्यांना प्लास्टिकसारखी लागते.

१९ डिसेंबर

गुलाबी. पुन्हा गुलाबी.

पाण्यात क्रोमियम असलं की चाचणीच्या थेंबानं ते गुलाबी-जांभळं होतं, नसलं की बिनरंगी राहतं. शाळेच्या नळावर गाळणी बसवलीय (शाळा कधीचीच बंद आहे, पण पाण्याची टाकी तिथेच). एक बादली बिनरंगी येते आणि मग हळूहळू रंग चढायला लागतो. भाजणी कमी पडतेय की वाफ, कळत नाही. आज कडेलोट करावासा वाटला, भट्टीचा.

३ जानेवारी

बिनरंगी. पहिली बादली, दहावी बादली, दुसऱ्या दिवशीची बादली. वाफ सावकाश द्यायची होती, इतकंच. आणि नंतर कोळसा सौम्य आम्लात धुवायचा. मी परीक्षानळी उजेडात धरून उभी राहिले. आनेस्तिस म्हणाला, "ताई, त्यात काही दिसत नाही." मी म्हटलं, "तेच तर."

६ जानेवारी

आज पाण्याला आशीर्वाद द्यायचा दिवस. दरवर्षी पाद्री टाकीच्या पाण्यात क्रूस बुडवतो, गेली दोन वर्षं त्यानं टँकरचं पाणी घेतलं होतं. मी त्याला शाळेच्या नळाचं घ्यायला लावलं. चाचणी सगळ्यांसमोर केली. पाटीखालच्या विहिरीचं पाणी गर्द गुलाबी, आमचं स्वच्छ.

सासूबाई सगळ्यात आधी प्यायल्या. डोळे मिटून. म्हणाल्या, "हे आपलं पाणी." मग पाद्री, मग मी. बाकीच्यांनी प्याले हातात धरले आणि एकमेकांकडे बघितलं. बहुधा भीती. दोन वर्षांची सवय एका दिवसात कशी सुटेल? प्रोद्रोमोस प्याला, तोंड पुसलं आणि विचारलं, "वहिनी, हे असं किती दिवस टिकेल?"

"कोळसा बदलत राहिलो तर कायमचं," मी अभिमानानं सांगितलं.

"कायमचं," तो म्हणाला. टोपी घातली आणि गेला. आनंदानं माणूस गप्प होतो ते खरं.

१६ जानेवारी

कॉफीच्या दुकानात गाव जमलं होतं. मला कुणी बोलावलं नव्हतं, मीच गेले. आत शिरल्यावर बोलणं थांबलं.

प्रकरण असं: खाण स्मशानभूमीच्या मागे येऊन थांबलीय. आधी कंपनी गाव हलवून घरं देणार होती. आता खाणच बंद होणार, म्हणून हलवण्याचं कारण उरलं नाही. उरलं ते फक्त पाणी. कोझानी शहरातल्या सरकारी कार्यालयाचे लोक फेब्रुवारीत एकदा आणि मार्चमध्ये एकदा शाळेच्या नळाचं पाणी तपासणार. दोन्ही वेळा वाईट निघालं तर गाव राहण्यालायक नाही असं ठरेल, आणि सरकार नवी घरं देईल. चांगलं निघालं तर फाईल बंद.

"म्हणजे आता चिंता नाही," मी म्हटलं. "कुणाला घर सोडावं लागणार नाही."

प्रोद्रोमोस उठला. "घर? कुठलं घर, वहिनी? माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या भेगेत हा एवढा हात जातो. शाळा नाही, डॉक्टर नाही, पोरं जर्मनीत. ह्या खड्ड्याच्या काठावर बसून स्वच्छ पाणी प्यायचं आणि मरायचं?"

"पाणी मिळालं की माणसं परत येतात," मी म्हणाले. "वड्यांचा कारखाना काढता येईल. गाळण्या विकता येतील. कामं निघतील."

कुणीतरी मागून म्हणालं, "हो हो, चौकात विमानतळ पण बांधू." हशा झाला. माझा चेहरा तापला. इओर्दानिस कोपऱ्यात होता, कपाकडे बघत.

घरी येताना तो म्हणाला, "तू तिथे बोलायला नको होतंस."

"मी खोटं बोलले का?"

"नाही. म्हणूनच."

मला त्यांचा राग नाही. माणूस हरत आला की त्याला चांगल्या बातमीचीही भीती वाटते. फेब्रुवारीचा निकाल हातात पडला की विचार बदलेल.

४ फेब्रुवारी

बर्फ. आनेस्तिस दोन दिवस आला नाही, धाकट्या मुलाचं काही कामाचं बघायला गेलाय म्हणे. आणि नवल म्हणजे इओर्दानिस मदतीला उभा. गाळणी कशी भरायची, वाळू कुठे, कोळसा कुठे, झाकण किती घट्ट, सगळं विचारून घेतलं. शाळेची किल्लीही तोच घेऊन गेला, दारातला बर्फ काढायला. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कामात त्यानं पहिल्यांदाच रस घेतला. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी भांडी घासायला घेतली.

९ फेब्रुवारी

गुलाबी.

कार्यालयाची मुलगी, इफिगेनिया नावाची, चांगली होती. तपासणीच्या बाटल्या भरायच्या आधी मीच तिला चाचणी करून दाखवायला गेले, अभिमानानं. थेंब टाकला आणि नळीत रंग फुलला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. "पुन्हा मार्चमध्ये येईन, ताई," म्हणाली.

ती गेल्यावर गाळणी उघडली. आतला कोळसा निस्तेज, तपकिरी झाक असलेला, बोटानं चुरडला जात होता. आमचा कोळसा काळाभोर, कडक असतो. हा तर शेगडीतल्या वडीच्या चुऱ्यासारखा दिसत होता. म्हणजे शेवटच्या भट्टीत भाजणी नीट झाली नाही. वाफेचं माप मीच बघत होते. चूक माझी.

इओर्दानिसला सांगितलं. तो हात धूत होता, नखांत काळं अडकलं होतं. शेगडी साफ केली म्हणाला. "जाऊ दे, मेरोपी. तू प्रयत्न केलास." मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं तर त्याचं अंग लाकडासारखं ताठ. त्यालाही वाईट वाटलं असणार.

१० फेब्रुवारी

सकाळी सासूबाई आणि इओर्दानिसची जुंपली. मला काही कळू द्यायचं नसलं की दोघं त्यांच्या पूर्वजांच्या मुलखातल्या, पोंटसच्या बोलीत शिरतात, मी कोझानीची, मला त्यातलं निम्मं समजत नाही. "पाणी" आणि "लाज" हे शब्द कळले. सासूबाईंनी कॉफीचा कप आपटला. माझी बाजू घेत असाव्यात. बहुधा माझ्या फसलेल्या गाळणीची लाज वाटू नये म्हणून त्याला दटावत होत्या.

आनेस्तिसला चुरा दाखवला. त्यानं तो बराच वेळ तळहातावर फिरवला.

"ताई, आपला माल असा नव्हता."

"म्हणजे?"

"म्हणजे, मी पोतं बांधलं तेव्हा असा नव्हता."

मी चिडले. म्हटलं, चूक पचवायला शिक, दुसऱ्यावर ढकलू नकोस. नंतर वाईट वाटलं, पण माफी मागितली नाही.

२ मार्च

नवी भट्टी. या वेळी प्रत्येक पोतं मी स्वतः तपासलं. गाळणी भरली, पाणी सोडलं, आठवडाभर रोज बिनरंगी. झाकणाला तार गुंडाळली. आता चूक व्हायला जागाच नाही.

प्रोद्रोमोस वाटेत भेटला. "कार्यालयाचे लोक नक्की कधी येणार, वहिनी?" मी सांगितलं. त्यानं सासूबाईंची चौकशी केली. माणूस वाईट नाही.

११ मार्च

इओर्दानिस म्हणतो, थेस्सालोनिकीला जाऊ, लेकीकडे. तपासणीच्या आदल्या दिवशी परत येऊ. मी नको म्हटलं, मग विचार केला, हा माणूस मला कुठे कधी नेतो? मागे लागला होता. "तुला विश्रांती हवी. गाळणी कुठे पळून जाते का?" किल्ली आनेस्तिसकडे ठेवली.

१५ मार्च

समुद्र बघितला. लेकीनं मासे केले. इओर्दानिसनं बंदरावर माझा हात धरला आणि म्हणाला, "आपलं इथे जवळपास एखादं छोटं घर असतं तर? बाल्कनी. लिफ्ट. आईला पायऱ्या नकोत." मी हसले. म्हटलं, गाव वाचवल्यावर बघू. त्यानं हात सोडला नाही, पण समुद्राकडे बघत राहिला. मी बऱ्याच वर्षांनी इतकी सुखी होते.

१६ मार्च

आल्या आल्या शाळेकडे जायचं होतं. सासूबाईंच्या छातीत दुखतंय म्हणून इओर्दानिसनं डॉक्टरला फोन करायला लावला, पाद्र्याला बोलवायला लावलं, दिवस त्यातच गेला. सासूबाई मात्र मला सारख्या म्हणत होत्या, "मला काही झालेलं नाही, पोरी, तू जा." बिचाऱ्या. आजारातही माझीच काळजी.

१७ मार्च

गुलाबी. फेब्रुवारीपेक्षा गडद.

इफिगेनियानं बाटल्या भरल्या, चिकटपट्ट्या लावल्या. माझ्या हाताला हात लावून गेली. झाकणाची तार तशीच होती, गाठ तेवढी उजवीकडे. मी डावीकडे मारते असं मला वाटत होतं. माझी स्वतःची गाठही मला आठवत नाही, आणि मी म्हणे गावाला पाणी पाजणार.

आनेस्तिसच्या घरी गेले. दार त्याच्या बायकोनं उघडलं, तो झोपलाय म्हणाली. मला त्याचे बूट दिसत होते, आणि बुटांत पाय. परत फिरले. त्याच्याही कष्टांवर पाणी पडलं, तोंड कसं दाखवणार?

३० मार्च

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. प्रक्रिया मुळातच कच्ची आहे. कधी साधते, कधी नाही, का ते मला सांगता येत नाही. ज्या गोष्टीचं कारण सांगता येत नाही तिला शोध म्हणत नाहीत. योगायोग म्हणतात.

२६ एप्रिल

निकाल आला. पेत्रोनेरी राहण्यालायक नाही. चर्चच्या घंटा वाजल्या, मला वाटलं कुणी गेलं.

मला वाटलं होतं, आता गाव मला टोमणे मारेल. एकानंही मारला नाही. ईस्टरला दारात रांग लागली. गोड पाव, लाल अंडी, चीजची पोळी, कोकराचा पाय. प्रोद्रोमोस स्वतः आपल्या घरची दारू घेऊन आला आणि माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. "तुम्ही बाई नाही, देवी आहात." ज्या बायका जानेवारीपासून माझ्याकडे बघत नव्हत्या त्या गळ्यात पडून रडल्या. अपयशी माणसावर लोक इतकं प्रेम करतात हे मला माहीत नव्हतं. यश मिळवत होते तेव्हा कुणी ओळख देत नव्हतं.

सासूबाईंनी प्रथेचं एकही लाल अंडं फोडलं नाही. इओर्दानिसशी त्या बोलत नाहीत. गाव सोडायचं दुःख, दुसरं काय.

१४ मे

आनेस्तिस भट्टी कापायला आला. भंगारवाला थांबला होता. आनेस्तिसनं चष्मा चढवला, कटर पेटवला, आणि पिंपाच्या अंगावर पहिली रेघ ओढताच थांबला. चष्मा काढून डोळे पुसले.

"ताई, कोळशाचा दोष नव्हता."

"मग माझा होता."

"तुमचाही नव्हता." तो माझ्याकडे बघेना. "माझ्या धाकट्याला नव्या वस्तीवर गवंडीकामाचं ठेक्याचं काम मिळालंय. मला माफ करा."

"पोराला काम मिळालं त्यात माफी कसली? वेडा आहेस का?" मी म्हटलं. त्यानं पुन्हा चष्मा चढवला आणि काप पूर्ण केला. आपल्या जोडकामात त्याचा जीव असा गुंतला असेल याची मला कल्पना नव्हती.

२ जुलै

नवी वस्ती कोझानीच्या बाहेर. सगळ्या इमारती एकाच रंगाच्या, दुपारी सावली नाही. आमची पक्की घरं अजून बांधून व्हायची आहेत, तोवर इथेच भाड्याच्या घरात. लिफ्ट आहे. सासूबाई तिच्यात चढत नाहीत, म्हणून खालीही उतरत नाहीत. खिडकीतून समोरची खिडकी बघतात. नळाचं पाणी चांगलं आहे, त्यांनी चव घेतली आणि प्याला खाली ठेवला.

इओर्दानिस अलीकडे हळवा झालाय. माझ्यासाठी कॉफी करतो. काल टीव्हीवर काहीतरी बघताना रडत होता, जवळ गेले तर हवामानाच्या बातम्या होत्या.

१० जुलै

आज दुपारी फोन आला. बल्गेरियातून, राद्का नावाच्या बाईचा. आमची भाषा मोडकी बोलत होती, पण समजत होतं. तिचं गावही अशाच खाणीच्या काठी आहे, तोच ओला कोळसा, तेच पाणी. ती तिथे शाळेत विज्ञान शिकवते. माझं नाव तिला इफिगेनियाकडून कळलं.

"तुम्ही कोळशाची गाळणी बनवली होती ना? मला पद्धत सांगाल? आमच्याकडे कोळसा फुकट आहे. पिंप आहे. जोडकाम करणारा माझा भाऊ आहे."

"तुमचं गाव हलवत नाहीत?" मी विचारलं.

"आम्हाला कोण हलवणार? आमच्याकडे मुलं आहेत, बाई. वर्गात बावीस आहेत. ती तेच पाणी पितात."

पद्धत माझ्या डोक्यात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत होती. वाळवणी, भाजणी, वायू परत खाली, सावकाश वाफ, आम्ल. अख्खी सांगायला एक दुपार पुरली असती. पण माणसानं खरं बोलावं. मी म्हणाले, "नका करू. दोनदा सरकारी तपासणी झाली, दोन्ही वेळा गाळणी फसली. लेकरांना खोटा भरवसा देऊन तेच पाणी पाजाल."

तिनं विचारलं, "एकदाही नाही जमलं? एकदाही पाणी स्वच्छ आलं नाही?"

तेव्हा मला सासूबाई दिसल्या. त्या खिडकीपासून उठून माझ्या खोलीच्या दारात आल्या होत्या, चौकटीला धरून. त्यांच्या मागे इओर्दानिस.

"सांग तिला," सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या. पोंटसच्या बोलीत नाही, मला कळेल अशा भाषेत. माझ्याकडे नाही, लेकाकडे बघत. इतक्या महिन्यांत त्याच्याशी बोललेला त्यांचा हा पहिला शब्द. "सांग की रे तिला."

"काय सांगायचंय?" मी फोनवर हात ठेवून विचारलं.

इओर्दानिसनं तोंड उघडलं. मग म्हणाला, "जेवण थंड होतंय. आई तेच म्हणतेय."

मी हात काढला. राद्का अजून थांबली होती.

"जानेवारीत काही दिवस आलं होतं स्वच्छ," मी तिला सांगितलं. "पण ती बहुधा माझ्या चाचणीचीच चूक असावी."